ठोशाची पावती

गावच्या इस्पितळात अपघात विभागाच्या दारावर बावीस वर्षं जो माणूस उभा राहिला, त्याला सगळे अडसर म्हणायचे. समोर मामा, पाठीमागे अडसर. समोरही अडसर म्हणणारे होतेच, पण त्या वेळी त्यांच्या मुठीत त्याची कॉलर असायची.

काम काय, तर जखमी माणूस आत आणि नातेवाईक बाहेर. ऐकायला किती सोपं! करून बघा एकदा. सख्खा भाऊ डोकं फुटून आत चाललाय, फरशीवर रक्ताचे थेंब पडताहेत, आणि खाकी कोटातला एक दांडगा माणूस चौकटीला दोन्ही हात लावून म्हणतोय, "इथंच थांबायचं." कोण थांबेल? मारतातच लोक. अडसरचं नाक दोनदा मोडलं होतं, समोरचे तीन दात गेले होते, आणि डाव्या कानाची पाळी एका बाईनं चावून तोडली होती. त्या बाईचा मुलगा वाचला. मग ती फळांची पिशवी घेऊन माफी मागायला आली, तेव्हा अडसर म्हणाला, "बाई, फळं कशाला आणलीत? कान असेल तर द्या."

त्यानं मात्र कधी उलटा हात उचलला नाही. लोक बडवत राहायचे आणि हा एकच गोष्ट सांगत राहायचा, "आतल्या माणसाला डॉक्टरचे दोन्ही हात हवेत. तुम्ही आत गेलात की एक हात तुम्हाला आवरण्यात जाईल." दात गेल्यावर ते नीट ऐकूही यायचं नाही, तरी म्हणायचा.

त्याची बायको इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. रक्ताची चादर गरम पाण्यात घातली की डाग कायमचा बसतो, थंड पाण्यातच चोळावी लागते, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. नवऱ्याचा कोट हातात आला की ती आधी कॉलर उलटून बघायची. बाहेरच्या बाजूला डाग असेल तर दुसऱ्याचा, आतल्या बाजूला असेल तर याचा. आणि याचा असला की मग काय विचारता! बाई तोंडाची फटकळ, आवाज असा की इस्त्रीवाला हातातली इस्त्री तशीच धरून ऐकत बसायचा.

"अहो, तुम्हाला बडवायचा परवाना वाटलाय का लोकांना?"

"वाटलाय की," तो म्हणायचा. "पावत्या तर तूच फाडतेस."

आणि ते खरं होतं.

इस्पितळ वर्गणीवर चालायचं. ज्याच्याकडे असतील त्यानं पैसे द्यायचे, नसतील त्यानं फुकट बरं होऊन घरी जायचं, आणि मधला खड्डा वर्षातून एकदा भरणाऱ्या मदतमेळाव्यातून बुजवायचा. इस्पितळाच्या मागच्या मैदानावर टेबलं मांडायची, जुने कपडे, जुनी पुस्तकं, रिंग फेकायचा खेळ. सोळा वर्षांपूर्वी एका मेळाव्यात दुपार झाली तरी काही म्हणता काही खपेना. तेव्हा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, जो खाटीक होता आणि ज्याला आदल्याच आठवड्यात अडसरनं दारात अडवला होता, भर मैदानात ओरडला, "दाजी, तुमच्या पोटात एक ठोसा घालू द्या, आजचा सगळा गल्ला देतो!"

लोक हसले. अडसर हसला नाही. त्यानं कोट काढला, कुंपणाला अडकवला आणि म्हणाला, "पैसे आधी."

मेहुण्यानं दिले आणि ठोसा घातला. आणि मग जी रांग लागली! फाटकाच्या बाहेर गेली. गावात असं घर नव्हतं, ज्याला या माणसानं कधी ना कधी दारात रोखलं नव्हतं. सगळ्यांच्या मुठी किती दिवसांच्या शिवशिवत होत्या.

तेव्हापासून दरवर्षी. नियम ठरले. माणशी एकच ठोसा. मूठ रिकामी, बोटात अंगठी नको. मारायचं ते बरगड्यांच्या खाली आणि पट्ट्याच्या वर, तिथं आखून घेतलेल्या जागी. अडसर दोन्ही हात पाठीमागे नेऊन स्वतःचा पट्टा धरून उभा राहायचा. बायकोचं अक्षर छान म्हणून ती टेबलाशी पावतीपुस्तक घेऊन बसायची. पावतीवर एक ओळ होती, 'कोणाच्या नावाने'. लोक सांगायचे, वडिलांच्या नावाने. बहिणीच्या नावाने. ती लिहायची, पावती फाडून द्यायची आणि मान खाली घालायची, की लगेच मागून धप्प असा आवाज यायचा. एका म्हातारीनं पैसे भरले, मूठ उगारली, आणि त्याच्या पोटावर डोकं टेकून ढसाढसा रडली. पावती मात्र न विसरता घेऊन गेली.

त्या ठोशांतून सहा खाटा आल्या. रक्ताच्या पिशव्या ठेवायचा फ्रीज आला, क्ष-किरणाचं यंत्र आलं, आणि ज्यांना औषध परवडत नाही अशा कितीतरी जणांची औषधं आली. अडसर वॉर्डातून जाताना नव्या पेशंटला म्हणायचा, "निवांत झोपा हो, माझ्या पोटावर झोपलाय तुम्ही." दुसऱ्या दिवशी बायको त्याचं काळंनिळं पोट शेकायची आणि गावातल्या एकेकाचा उद्धार करायची.

आता या वर्षीचं ऐका.

मेळाव्याच्या तीन आठवडे आधी दारूच्या दुकानातल्या मारामारीचे लोक आले. दोघं आत गेले, आठ बाहेर राहिले, आणि त्या आठांतल्या एकानं लोखंडी स्टूल उचलून अडसरच्या डाव्या कुशीत घातलं. तो पडला नाही. चौकट धरून उभा राहिला, काम संपल्यावर खाली बसला आणि ओकला. डॉक्टरबाईंनी तपासलं. त्यांनी त्याला सांगितलं, आणि तो घरी सांगणार नाही हे माहीत असल्यामुळे धुलाईघरात येऊन त्याच्या बायकोलाही सांगितलं.

"आत प्लीहेला मार लागलाय. आपोआप भरून येईल, पण दोन महिने जपायचं. तिथं पुन्हा बसलं तर आतल्या आत फुटेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही. या वर्षी ठोसे बंद."

बाईनं हातातली चादर तशीच पिळून पिळून कोरडी केली. घरी जाऊन तिनं आधी भांडी आपटली आणि मग तोंड उघडलं, "या वर्षी उभं राहायचं नाही!"

"अगं, पण या वर्षी यंत्र घ्यायचंय," तो म्हणाला.

यंत्र म्हणजे कमी दिवसांच्या बाळांना श्वास देणारं. तसं यंत्र फक्त शहरात होतं, गाडीनं दोन तासांवर. गेल्या वर्षात चार बाळं त्या रस्त्यावर गेली होती. अर्धे पैसे देणग्यांतून जमले होते, अर्धे बाकी होते.

"लोक ठोशासाठीच येतात," तो म्हणाला. "मी नसलो तर मैदानात कुत्रं फिरकणार नाही."

बाईनं आपटलेली भांडी उचलून फळीवर लावली. मग तिला एक युक्ती सुचली, आणि त्या युक्तीसाठी तिनं आयुष्यभर स्वतःला माफ केलं नाही. ती म्हणाली, "बरं. उभं राहा. पण पाटीवर दर मी लिहिणार." आणि तिनं एका ठोशाचा दर लिहिला, यंत्राची उरलेली अर्धी किंमत. सगळीच्या सगळी.

अडसरनं पाटी वाचली आणि कूस धरून हसला. "एवढ्यात घर येतं गं! एवढे जर कोणी मोजले ना, तर मी मेलेला असलो तरी उठून उभा राहीन."

"शब्द दिलात हं," ती म्हणाली, आणि खूश होऊन चहा टाकायला गेली. नवरा वाचला, त्याचा मानही राहिला. एवढं डोकं आपल्याला आहे याचं तिलाच नवल वाटलं.

मेळाव्याच्या दिवशी सगळं तिच्या मनासारखं चाललं होतं. लोक यायचे, पाटी वाचायचे, शिव्या घालायचे, हसायचे आणि डब्यात सुटे पैसे टाकून जायचे. मेहुणा म्हणाला, "ताई, एवढ्यात तर मी दाजींना विकतच घेईन!" अडसर कोट घालून खुर्चीत बसून सगळ्यांच्या गप्पा ऐकत होता.

तीनच्या सुमाराला पाथरवट आला. खाणीवर दगड फोडणारा, तिशीचा, मनगटं अशी की दोन हातांत मावायची नाहीत. त्याला बघून मैदान गप्प झालं, कारण त्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. सात महिन्यांपूर्वी भर दुपारी तो बायकोला दोन्ही हातांवर उचलून धावत आला होता. सातवा महिना, आणि रक्त थांबत नव्हतं. अडसरनं त्याला दारात धरलं, आणि पाऊण तास तसाच धरून ठेवला. त्यानं डोक्यानं, गुडघ्यांनी, दातांनी मारलं, अडसरनं मिठी सोडली नाही. बायको आतच वारली. बाळ जिवंत होतं, त्याला गाडीतून शहराकडे पाठवलं. ते वाटेत गेलं. त्या दिवशी धुलाईघरात आलेला नवऱ्याचा कोट बाईला चांगला आठवत होता. डाग आतल्या बाजूलाही होता आणि बाहेरच्याही.

पाथरवटानं टेबलावर कापडी पिशवी ठेवली. "मोजून घ्या मामी. पाटीवर आहेत तेवढे आहेत."

"कुठून आणलेस?" तिनं पिशवीला हात न लावता विचारलं.

"घर बांधायला जागा घेतली होती. विकली. आता कोणासाठी बांधू?"

"घेऊन जा हे." तिनं पिशवी ढकलली. "मी पावती फाडणार नाही. ऐकलंस का? त्याला आत मार लागलाय, डॉक्टरबाईंनी सांगितलंय. तुझा एक ठोसा बसला तर मरेल माझा माणूस!"

पाथरवटाची मूठ आधीच वळलेली होती. ती सुटली. तो खरंच थांबला. खरंच थांबला हो तो! तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं, हा माणूस आता पिशवी उचलून निघणार हे तिला दिसलं, आणि तिच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात खुर्ची सरकली. अडसर उभा राहिला, कोट काढला आणि कुंपणाला अडकवला.

"लिही," तो बायकोला म्हणाला.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

"त्याचं बाळ मी स्वतः गाडीत ठेवलं गं. माझ्या तळहातात मावत होतं. लिही तू. दर तू लावलास, शब्द मी दिला."

"मी नाही मारणार," पाथरवट म्हणाला. "पैसे राहू द्या. असेच घ्या."

अडसरनं मान हलवली. "फुकटचे नाही घेणार. तू नुसते पैसे द्यायला नाही आलास." आणि मग तो जे बोलला, ते बावीस वर्षं एका उशीवर डोकं ठेवणाऱ्या बायकोलाही माहीत नव्हतं. "ऐक. त्या दिवशी तुझी बायको आतून तुला हाका मारत होती. नाव घेऊन. तू ओरडत होतास म्हणून तुला ऐकू आल्या नाहीत. मला येत होत्या. चार वेळा मारली तिनं हाक. मी तुला सोडलं नाही."

बाईच्या हातातलं पेन खाली पडलं.

पाथरवटाच्या घशातून जो आवाज निघाला, तो माणसाचा नव्हता. अडसरनं हात पाठीमागे नेऊन पट्टा धरला. मारणाऱ्यानं जागा बघितली नाही, नेम धरला नाही. सात महिने दगडांवर घातलेले सगळे घाव त्या एका मुठीत आले आणि ती डाव्या बरगड्यांच्या खाली मनगटापर्यंत रुतली. आतून काहीतरी फाटल्याचा ओला आवाज पहिल्या रांगेतल्यांनी ऐकला. अडसर दोन पावलं मागं गेला, पट्टा सोडला नाही, बायकोकडे बघून काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि तोंडावर आपटला. बघता बघता त्याचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा पांढरा झाला.

मग काय सांगू? मेहुण्यानं खुर्ची उचलून पाथरवटाच्या पाठीत घातली. मागून दहा जण तुटून पडले. लाथा, चपला, रिंगच्या खेळाच्या लाकडी दांड्या, हाताला लागेल ते. पाथरवटानं एकही वार चुकवला नाही. त्याची भुवई फुटली, ओठ फाटला, एक डोळा मिटला. तिकडे चार जणांनी अडसरला उचलून अपघात विभागाकडे पळवलं, आणि त्यांच्या मागे सगळं मैदान पळालं. बाई सगळ्यांच्या पुढे.

आणि दारावर कोणी नव्हतं! कोण असणार? दारावरचाच माणूस तर आत नेला होता.

लोक आत घुसले. पंधरा, वीस, तीस. कोणी रडतंय, कोणी डॉक्टरबाईंना शिव्या घालतंय, कोणी सलाइनचा खांब पाडला, औषधांची ट्रॉली उलटली, पायाखाली काचा कचाकच फुटल्या. डॉक्टरबाईंच्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातानं त्या मेहुण्याला ढकलत होत्या. "बाहेर! बाहेर काढा यांना! मला दिसत नाहीये काही!"

तेव्हा तो आला. रक्तानं माखलेला पाथरवट. त्यानं पहिल्या माणसाची कॉलर धरून त्याला बाहेर फेकलं, मग दुसऱ्याला. मेहुण्याला कमरेत उचलून पायरीखाली टाकलं. शेवटी बाईला दंडाला धरून दाराबाहेर ठेवलं, दार लावून घेतलं आणि चौकटीला दोन्ही हात लावून उभा राहिला.

ज्यांनी त्याला मैदानात मारलं होतं, त्यांनी पुन्हा मारलं. मेहुण्याच्या हातात दांडकं होतं. पाथरवटाची करंगळी चौकटीवरच मोडली, पण हात सुटला नाही. शेवटी हात दुखायला लागले तसे लोक एकेक करून मागे सरकले, आणि समोर एकटी बाई राहिली.

"सोड मला!"

"नाही, मामी."

"मुडद्या, तू मारलास त्याला! तूच! आणि आता तूच अडवतोस?"

"हो."

तिनं मारलं. आयुष्यात कधी मुंगीवर हात उगारला नव्हता त्या बाईनं. तिनं मुठींनी मारलं, चादरी पिळून पिळून लोखंड झालेल्या हातांनी, त्याच्या फाटलेल्या ओठावर, फुटलेल्या भुवईवर, छातीवर. त्याचा एक दात तिच्या बोटात रुतला. ती ओरडत होती, काय ओरडत होती ते तिलाही कळत नव्हतं. आणि तो फाटक्या तोंडानं एकच सांगत होता, "त्यांना डॉक्टरबाईंचे दोन्ही हात हवेत, मामी. तुम्ही आत गेलात की एक हात तुम्हाला आवरण्यात जाईल."

दम लागून ती क्षणभर थांबली, आणि त्या शांततेत आतून आवाज आला. अडसरचा. बायकोला हाक मारत होता. घरात मारतो तशीच हाक, "अगं ए..."

ती दगडासारखी उभी राहिली. पुन्हा आली हाक.

"हाक मारतोय रे तो," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात शिवी उरली नव्हती. तिनं त्याच्यापुढे हात जोडले. "हाक मारतोय मला. तुझ्या पाया पडते. एकदाच जाऊ दे."

पाथरवटाच्या एका उघड्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. "ऐकू येतंय मला," तो म्हणाला. "मलाही ऐकू येतंय, मामी."

आणि त्यानं हात काढले नाहीत.

दोन तासांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या, कोपरापर्यंत लाल. म्हणाल्या, प्लीहा काढून टाकली, पाच पिशव्या रक्त दिलं, फ्रीजमध्ये तेवढंच होतं. वाचेल. बाई तिथंच पायरीवर बसली. खाली पाथरवट बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. मग ती उठून मैदानावर गेली. टेबलावर पिशवी तशीच होती, पेन गवतात पडलं होतं. तिनं पावती लिहिली. 'कोणाच्या नावाने' या ओळीपाशी ती अडली, तशी परत येऊन त्याला विचारलं.

"बाळाच्या," तो म्हणाला. "नाव ठेवायचं राहिलं होतं."

तिनं 'बाळ' असं लिहिलं आणि पावती त्याच्या खिशात घातली, कारण त्याला बोटं वळवता येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी अडसरनं नीट डोळे उघडले. ठोशांतून आलेल्या सहा खाटांपैकीच एकीवर तो होता. बायको उशाशी बसली होती, उजव्या हाताला पट्टी बांधलेली. त्यानं खूप वेळ तिच्याकडे बघितलं. मग लहान मुलासारखा रुसून म्हणाला, "मी तुला हाका मारत होतो."

"हो."

"किती मारल्या. आली का नाहीस?"

तिनं त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. "दारात माणूस उभा होता," ती म्हणाली.

अडसर छताकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी निघून त्या तुटक्या कानात गेलं, आणि पुसायला त्यानं हातही उचलला नाही.

"हलला का?" त्यानं बऱ्याच वेळानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "मी खूप मारलं. नाही हलला."

त्यानं डोळे मिटले. बाहेर व्हरांड्यात पाथरवट बसला होता, तीन दिवस तिथंच होता. बाईनं भांड्यात थंड पाणी घेतलं, एक स्वच्छ फडकं घेतलं, आणि त्याच्या सदऱ्यावरचं रक्त बघायला बाहेर गेली.